गाणं तिथंच ठेवून या

सकाळी अकराला पेटी घेऊन बडोद्याच्या लहरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडून बघा. मंगळबाजाराची दुकानं उघडलेली असतात, टांगलेल्या कुर्त्यांखालून वाकून चालावं लागतं, आणि न्यायमंदिराशी पोचेपर्यंत पेटीच्या खोक्याचा कोपरा तिघाचौघांना लागलेला असतो. रिक्षावाला आधी खोक्याकडे बघतो, मग भाडं सांगतो. म्हणून पहिली सूचना अगदी घरगुती: गाडी दुपारची असली तरी वाद्यं सकाळी आठच्या आत जुन्या शहराबाहेर काढा आणि स्टेशनच्या बाजूला कुणा ओळखीच्याकडे ठेवा.

मी आणि माझा एक मित्र काही वर्षांपासून गावोगावच्या बहाई मंडळींच्या प्रार्थनासभांत गायला जातो. तो गातो आणि पेटी सांभाळतो, मी तबला धरतो आणि मागून सूर देतो. तो बहाई आहे, मी नाही. आमच्या घरी एकादशी असते, कार्तिकीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, बघायला आम्ही लहानपणापासून उभे राहिलो आहोत, आणि भजन म्हणजे टाळ, पखवाज आणि शेवटी भैरवी एवढंच मला ठाऊक होतं. हे अज्ञान पुढं उपयोगी पडलं. मित्राला जे अंगवळणी पडलेलं होतं ते मला प्रत्येक वेळी विचारावं लागलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं की त्यालाही काही गोष्टी नीट सांगता येत नव्हत्या. तुम्ही दोघं मित्र किंवा दोघी मैत्रिणी असं काही करायचं मनात आणत असाल, तर त्या विचारपुशीतून हाती आलेलं हे.

बहाई धर्माची ओळख थोडक्यात. इराणात शिराझला १८४४ साली बाब यांनी आपला संदेश जाहीर केला. त्यांच्यानंतर बहाउल्लाह (१८१७–१८९२) यांनी या धर्माची स्थापना केली. ईश्वर एक, सगळ्या धर्मांचं मूळ एक, माणूस एक, हा त्याचा गाभा. भारतात हा विचार १८७२ मध्ये जमाल एफेंदी यांच्याबरोबर आला. त्यांचं दिल्लीचं कमळ मंदिर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाचगणीची न्यू एरा शाळा १९४५ मध्ये बहाई मंडळींनी सुरू केली, हे मात्र महाराष्ट्रातही पुष्कळांना माहीत नसतं.

आता गाणाऱ्याच्या कामाची गोष्ट. या धर्मात पुरोहित नाही. आपल्या सवयीचा माणूस, म्हणजे देवळाचे पुजारी, मठाचे महाराज, ज्यांना फोन केला की कार्यक्रम ठरतो, तो इथं सापडत नाही. गावात पुरेसे बहाई असतील तर नऊ जणांची स्थानिक आध्यात्मिक सभा असते आणि ती दर वर्षी रिजवानच्या सणात, म्हणजे २० किंवा २१ एप्रिलच्या सुमाराला, नव्यानं निवडली जाते. पत्रव्यवहार सभेच्या सचिवाशी करायचा. त्यामुळं मार्चमध्ये ज्यांच्याशी बोलणं झालं तेच मे महिन्यात सचिव असतील असं धरून चालू नका. निवडणुकीनंतर एकदा पुन्हा खात्री करा. लहान गावात सभा नसते, चारपाच घरं असतात. तिथं कुणा एका घरी बोलावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते बोलणं त्या घरच्या बाईंशी होतं. कोण किती वाजता मोकळं असतं हे त्यांनाच माहीत असतं.

दोघांपैकी जो बहाई असेल त्यानं आपल्या गावच्या सभेकडून ओळखपत्र किंवा पत्र घेऊन जावं. जो नसेल त्यानं पहिल्याच फोनमध्ये तसं सरळ सांगावं. मी पहिल्या वेळी ते सांगायचं टाळलं होतं, उगाच अडचण नको म्हणून. तिथं गेल्यावर एका आजोबांनी सहज विचारलं, “तुम्ही कधीपासून?” आणि मी तबल्याच्या वाद्या आवळत बसलो. सांगितलं असतं तर काहीही झालं नसतं. पुढच्या गावापासून सांगायला लागलो, आणि कुणी भुवईसुद्धा उचलली नाही.

तारीख ठरवताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दिवसाच्या सुरुवातीचा. बहाई दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. यजमान “एकवीस तारखेचा सण” म्हणाले तर त्याची सभा वीस तारखेच्या रात्री असू शकते. आपल्याकडं तिथी सूर्योदयाची धरतात, त्यामुळं हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. तारीख विचारताना नेहमी “कोणत्या वारी, संध्याकाळी की सकाळी” असंच विचारा. एका गावी आम्ही सगळं आटोपल्यावर पोचलो होतो. यजमानांनी तरी जेवू घातलं, ते वेगळं.

त्यांचं वर्ष १९ महिन्यांचं आणि प्रत्येक महिना १९ दिवसांचा. हिशेब ३६१ चा होतो, उरलेले चार किंवा पाच दिवस शेवटच्या महिन्याआधी येतात. इंग्रजी कॅलेंडरात ते फेब्रुवारीच्या अखेरीला पडतात. या दिवसांना अय्याम-ए-हा म्हणतात. पाहुणचार, भेटी, दानधर्म, आनंद यांचे हे दिवस, आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांना याहून चांगली वेळ नाही. थंडी ओसरलेली असते, तबला चढत-उतरत नाही, घरं उघडी असतात, मुलं मोकळी असतात. लगेच नंतर २ मार्चच्या आसपास उपवासाचा महिना लागतो: १९ दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी नाही. प्रवाशाला त्यातून सूट आहे, पण तुम्हाला सूट असली तरी यजमान उपाशी आहेत हे विसरू नका. त्या दिवसांत दुपारी गाणं ठेवू नका आणि आल्या आल्या चहाची अपेक्षा करू नका. उपवास संपतो तो नवरोजला, २० किंवा २१ मार्चला, आणि ती संध्याकाळ गाण्यासाठी फार सुंदर.

काही दिवस गंभीर असतात. बहाउल्लाहांच्या देहत्यागाचा दिवस मेच्या अखेरीस येतो आणि त्याची प्रार्थनासभा पहाटे तीनच्या सुमाराला असते. बाबांच्या हौतात्म्याची सभा जुलैत, भर दुपारी. अशा वेळी केहरव्याची उडती चाल काढली तर कुणी टोकणार नाही, पण खोलीत जे शांत होतं ते विस्कटेल. पहाटे तीनला गळा उघडत नाही हेही आहेच. दोन वाजता उठून कोमट पाणी प्यावं, खर्जात पाच मिनिटं लावावीत, आणि मग जे काय होईल ते होईल.

बाब आणि बहाउल्लाह यांचे जन्मदिवस लागोपाठ येतात. ते चंद्राच्या गणितानं ठरतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठंही पडतात. गुजरातेत हा नवरात्र, शरदपौर्णिमा, दिवाळी यांचा काळ. बडोद्यात नवरात्रात नऊ रात्री दुसऱ्या कुठल्याही सुरानं डोकं वर काढू नये. तुमचा तबलजी गरब्यात असतो, ऐकणारे गरब्यात असतात, आणि रस्त्यावरून रिक्षा मिळत नाही.

दर बहाई महिन्याच्या पहिल्या दिवशी जी सभा असते तिला बहुतेक ठिकाणी ‘फीस्ट’ असंच म्हणतात. तिचे तीन भाग: प्रार्थना, समाजाच्या कामकाजावर चर्चा आणि मग खाणंपिणं-गप्पा. मधला भाग त्यांच्या घरचा आहे. बाहेरच्या माणसानं तिथं बसून राहणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात हिशेबाची वही उघडल्यावर खुर्ची न सोडणं. दोघांपैकी एकजण बहाई नसेल तर फीस्टला जाण्याऐवजी खुली प्रार्थनासभा, म्हणजे कुणाच्याही घरी, कुणालाही बोलावून होणारी सभा, मागून घ्या. तिथं शेजारपाजारचे येतात, मुलं येतात, आणि आपल्यासारख्यांची खरी जागा तीच.

काय गायचं, या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. पहिल्या खेपेला आम्ही मैफल घेऊन गेलो होतो. यमनमध्ये बांधलेली एक प्रार्थना, तिला आलाप, मध्ये माझा लहानसा तुकडा, शेवटी तिहाई. मंडळींनी मन लावून ऐकलं, छान म्हणाले, सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या लहान मुलीला मी विचारलं की कालचं कुठलं आठवतं. तिनं शाळेतली प्रार्थना म्हणून दाखवली. आमच्या दोन तासांतली एक ओळसुद्धा तिच्या तोंडी राहिली नव्हती. तेव्हा आम्ही ठरवलं की आपण गेल्यावर तिथं गाणं उरलं तरच गेल्याचा उपयोग. नाही तर आपण आणि गाडीभाडं, दोन्ही वाया.

खरं म्हणजे बडोद्याच्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. लहरीपुरा दरवाज्यापासून सूरसागर तलावापर्यंत पाचसात मिनिटं चाललं की विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी लागते. तिचं मूळ सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८८६ साली निघालेल्या गायनशाळेत आहे, आणि ती शाळा उभी केली मौलाबक्ष यांनी. चीज मिळावी म्हणून शिष्यानं वर्षानुवर्षं उस्तादाचे पाय चेपायचे, त्या काळात हा माणूस स्वतःची स्वरलिपी तयार करून गाणी छापत होता. उस्ताद समोर नसला तरी गाणं मागे राहावं, ही त्यातली खटपट. त्यांचा नातू इनायत खाँ १८८२ मध्ये याच शहरात जन्मला. १९१० च्या सप्टेंबरात तो मुंबईहून बोटीत बसला तो सख्खा भाऊ आणि नात्यातला एक भाऊ यांना बरोबर घेऊन, हिंदुस्थानी संगीत आणि सूफी विचार पश्चिमेला नेण्यासाठी. त्याची वाट वेगळी, धर्म वेगळा. पण गळ्यातून विचार न्यायचा आणि एकट्यानं जायचं नाही, ही गोष्ट आपल्या सूरसागराच्या पाण्याला नवी नाही.

तर, गाणं मागे राहील असं कसं निवडायचं? आवाका लहान ठेवा. मंद्र निषादापासून मध्य धैवतापर्यंतच्या चालीत न शिकलेला माणूसही सुखानं फिरतो. तार षड्जावर गेलात की तो गप्प होतो आणि ऐकायला लागतो. भूप किंवा दुर्गासारखे पाच स्वरांचे राग लवकर उचलले जातात. ताल केहरवा किंवा दादरा. मराठी मंडळी असतील तर भजनी ठेका, तो धरला की टाळ्या आपोआप पडतात. पट्टीचा विचार आपल्या गळ्यासाठी करू नका. माझा मित्र काळी एकमध्ये गातो आणि त्या पट्टीत बायकांना एक तर फार खाली जावं लागतं नाही तर ओरडावं लागतं. मिश्र मंडळी असतील तर आम्ही काळी पाच घेतो: बायकांना ती बेताची पडते, पुरुष खालच्या सप्तकात म्हणतात. मित्राला त्यात आपला आवाज दाखवता येत नाही आणि त्याची तो अजून कुरकुर करतो.

शब्दांची अडचण मोठी. बहाई प्रार्थनांची मराठी, हिंदी, गुजराती भाषांतरं आहेत, पण ती गद्य आहेत. अभंगाच्या चरणासारखी ती तालात बसत नाहीत. मात्रा भरण्यासाठी आपल्या पदरचा ‘रे’, ‘देवा’, ‘हो’ घालण्याचा मोह होतो. तो आवरा. धर्मग्रंथातल्या शब्दांबद्दल ही मंडळी काटेकोर आहेत. ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला हरकत नसते, तिच्यात भर घालणं योग्य मानत नाहीत. आम्ही काढलेली वाट अशी: लांब प्रार्थना ताल न धरता, आलापीच्या अंगानं, वाक्याच्या श्वासाप्रमाणं म्हणायची. तिच्यातलं एखादं छोटं वाक्य ध्रुवपदासारखं धरायचं आणि तेवढंच तालात, सगळ्यांनी मिळून. एकानं वाचल्यासारखं गायचं, सगळ्यांनी परत परत त्या वाक्याकडे यायचं. कीर्तनकार बुवांनी मध्येच गजर घ्यावा, तसं. कीर्तन ऐकत वाढलेल्या कानाला हे लगेच पटतं.

अनिवार्य प्रार्थना या प्रकाराला मात्र हात लावू नका. रोज प्रत्येकानं एकट्यानं म्हणायची ती प्रार्थना. तीन प्रकारांपैकी एक ज्यानं त्यानं निवडायची असते. तिला चाल लावून सामुदायिक करायची नसते. ‘अल्लाहु अब्हा’ हे त्यांचं अभिवादनही आहे आणि रोज ९५ वेळा म्हणायचा जपही. अरबी उच्चार मित्राकडून आधी नीट शिकून घ्या. मी ‘आभा’ म्हणत असे, आणि सगळे प्रेमानं ऐकून घेत, त्यानं जास्तच ओशाळल्यासारखं होई.

स्वतः रचलेली भजनं ही वेगळी गोष्ट. तिथं शब्द तुमचे, स्वातंत्र्य तुमचं. आणि इथं आपल्या पश्चिम-मध्य भारतानं मोठं काम करून ठेवलं आहे. १९६० च्या दशकात मालव्यात शाजापूर, उज्जैनच्या बाजूच्या खेड्यांतून हजारो माणसं बहाई झाली, आणि त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं हातात पडायची वाट न बघता आपल्या ओळखीच्या साच्यात भजनं रचली. पेटी, ढोलक, मंजिरी, चाली गावच्याच. मालवा ही कबीर गाणाऱ्यांची भूमी. १९४८ मध्ये देवासला येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनाही निर्गुणी भजनांचं वेड तिथंच लागलं. निराकार ईश्वराला आळवायची भाषा त्या मातीत आधीच होती, नवं नाव त्यात सहज बसलं. या भजनांवर परदेशी अभ्यासकांनी लिहिलं आहे. आपण मात्र तिथं जाऊन ती ऐकावीत. बडोद्याहून रतलाम २६१ किलोमीटर, गाडीनं साडेतीन-चार तास. पुढं नागदा, उज्जैन, मक्सी, आणि मक्सीहून गुनाच्या लाइनवर शाजापूर. शिकवायला जाणाऱ्यानं आधी इथं शिकून यावं असं मला वाटतं. आम्ही उलटं केलं, तो आमचा उतावळेपणा.

अभंग चालतो का, हे मला नेहमी विचारलं जातं. घरच्या प्रार्थनासभेत बहुधा चालतो, कारण सगळ्या धर्मांचं मूळ एक हे तर त्यांचं म्हणणंच आहे. तरी यजमानाला आधी विचारा, आणि एखादाच घ्या. तुकोबांचे सहा अभंग म्हणून शेवटी एक बहाई प्रार्थना असा कार्यक्रम केलात तर तुम्ही आपल्याच घरी बसून गायलात.

वाद्यांचं सांगतो. घरी, हॉलमध्ये, अंगणात पेटी-तबला चालतो. बहाई उपासना मंदिरात चालत नाही. दिल्लीच्या कमळ मंदिरात फक्त माणसाचा आवाज. पेटी नाही, मोबाइलमधला तानपुराही नाही, प्रवचनही नाही. १९८६ च्या डिसेंबरात उघडलेल्या या मंदिराचा मधला सभामंडप प्रचंड उंच आहे, आवाज वर जाऊन सावकाश परत येतो. जलद तान घेतली तर तिचा चिखल होतो. तिथं गायची इच्छा असेल तर खूप आधी मंदिराच्या व्यवस्थापनाशी बोलावं लागतं. आत जाऊन आपणहून सुरू करायचं नसतं. आणि बोलावणं येवो न येवो, पेटीशिवाय गायचा सराव करावा. घरात पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं बंद करून दोघांनी नुसत्या गळ्यानं एक प्रार्थना म्हणावी आणि शेवटी पेटीवर षड्ज दाबून बघावा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या स्वरानं उतरलो होतो. पेटी किती लाड करते ते त्या दिवशी कळलं.

प्रवासात पेटी आडवी ठेवू नका, भाता बंद करून खुंट्या आत ढकला, आणि पावसाळ्यात खोक्यात कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून ठेवा. दमट हवेनं सूर अडकतात. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या पिशव्यांत, हातोडी मात्र माझ्या खिशात, कारण ती नेहमी दुसऱ्या पिशवीत असते. रेल्वेत खालचा बर्थ मिळवा. वाद्य वर ठेवून रात्रभर त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. बरोबर लिलो चेवडो घ्याल, बडोद्याचा माणूस घेणारच. गाण्याच्या दिवशी तो उघडू नका. तेल आणि आंबट दोन्ही घशाला बसतं, आणि यजमानाघरची पोरं तो तसाही संपवतात.

पैशांची बाब सुरुवातीलाच स्पष्ट करून टाका. बहाई निधीत फक्त बहाईच पैसे देऊ शकतात. बाहेरच्यांकडून ते घेतले जात नाहीत. म्हणजे ताट फिरवणं नाही, दानपेटी ठेवणं नाही, आणि मी भरभरून गायलो म्हणून खूश होऊन शंभराची नोट ठेवावी तर ती परत येते. गाणाऱ्यालाही बिदागीची भाषा नको. जाण्या-येण्याचा खर्च आपला धरा. राहायला घरी बोलावतील तर जा, हॉटेलाचा हट्ट धरून त्यांना संकोचात टाकू नका. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाऊ नये, हा आपला संस्कार पाळायचाच असेल तर पेढे न्या. दारू कुणाच्याही घरी नसते, त्यामुळं तो प्रश्न येत नाही. आणखी एक: गाण्याचा उपयोग करून कुणाचं मन वळवायला जाऊ नका. सत्याचा शोध ज्यानं त्यानं स्वतः घ्यायचा, ही त्यांची शिकवण आहे, आणि शेजारपाजारचे लोक ऐकायला येतात तेव्हा त्यांना आपण कशात ओढले जातोय असं वाटलं तर पुढच्या वेळी येणार नाहीत. गाणं म्हणा, कुणी विचारलं तर सांगा.

दोघांनीच का जावं? एकट्यानं गेलं की माणूस कलाकार होतो, चौघंपाचजण गेले की पथक होतं आणि यजमानाला गाद्यांची मोजदाद करावी लागते. दोन हा आकडा घराला परवडतो. बहाई इतिहासातही अशा जोड्या भेटतात. जमाल एफेंदी यांच्याबरोबर ब्रह्मदेशात आणि पुढं १८८४ च्या सुमारास जावा, बालीच्या बाजूला गेले ते सय्यद मुस्तफा रूमी. अमेरिकेत १९७० च्या दशकात सील्स आणि क्रॉफ्ट्स ही दोन गायक मित्रांची जोडी फार लोकप्रिय होती. दोघंही बहाई, आणि कार्यक्रम संपल्यावर ज्यांना ऐकायचं असेल त्यांच्याशी थांबून धर्माबद्दल बोलायचे. संपल्यावर, हे महत्त्वाचं. तिकीट काढून गाण्याला आलेल्याला आधी गाणं मिळायचं.

पण दोघांत कामं वाटून घ्या, नाही तर दुसऱ्या स्टेशनावर भांडण होतं. आमच्यात बोलायचं त्यानं, ऐकायचं मी. ऐकायचं म्हणजे काय, तर गाणं चालू असताना खोलीत कोण ओठ हलवतंय, कोण घड्याळ बघतंय, कुणाला मागे बसून म्हणायचंय पण धीर होत नाही, हे तबला वाजवता वाजवता बघायचं आणि मित्राला खूण करायची. मी डग्ग्यावर दोनदा थाप मारली की त्यानं अंतरा सोडून मुखड्यावर यायचं. त्याला हे पहिल्यांदा अपमानास्पद वाटलं होतं. गायकाला वाटणारच. रोज रात्री दहा मिनिटं दिवसभराबद्दल बोलून घ्या. झोपायच्या आधी, जेवताना नाही. जेवताना यजमान ऐकतात.

आता गाणं मागे ठेवायचं कसं, ते. एका सभेत नवी गाणी दोनच. त्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, गावची जी भाषा असेल तिच्या लिपीत. सुरत-नवसारीकडे गुजराती, पुण्याकडे आणि पाचगणीला मराठी, मालव्यात हिंदी. चष्मा नसलेल्या आजींना दिसेल इतकं मोठं. मुलांना संध्याकाळच्या सभेआधी तासभर घेऊन बसा. बहुतेक ठिकाणी मुलांचे वर्ग चालतात, त्यांच्या शिक्षिकेला विचारलं तर ती खूश होते. मुलांनी रात्री मोठ्यांना शिकवावं, आम्ही मागून वाजवतो. यात आमचं गाणं कमी होतं आणि मित्राला वाटतं की एवढ्या लांब येऊन मी म्हटलं काय. पण मुलांनी म्हटलेलं आया दुसऱ्या दिवशी भांडी घासताना गुणगुणतात, आणि ते आपल्या आलापाच्या वाट्याला कधी येत नाही.

ध्वनिमुद्रण मागितलं तर द्या, पण साधं, टाळ्या-तालाचं, पेटीच्या एका पट्टीचं, म्हणजे त्यांना त्यावर म्हणता येईल. मुलांचे चेहरे दिसतील असं चित्रीकरण परवानगीशिवाय कुठंही टाकू नका. निघताना गावातल्या एका माणसाला, ज्याचा गळा बरा आणि हौस जास्त, गाण्याची जबाबदारी द्या. हौस महत्त्वाची. चांगल्या गळ्याचे लोक अनेकदा वेळ नाही म्हणतात.

आणि पुन्हा जा. एकदा जाऊन आलेल्या गावी वर्षभरात परत जायचं असं आम्ही ठरवलं आहे, नवीन गाव वगळावं लागलं तरी. मागच्या फेब्रुवारीत मालव्यातल्या एका खेड्यात पोचलो तर अंगणात आमचंच गाणं चालू होतं. मुखडा आमचा होता. अंतऱ्याची चाल त्यांनी बदलून टाकली होती, पंचमावर थांबायच्या ऐवजी मध्यमावर उतरत होते आणि शेवटचा शब्द लांबवत होते. मित्रानं दुरुस्त करायला तोंड उघडलं. मी डग्ग्यावर दोनदा थाप मारली. परतीच्या गाडीत, दाहोद येईपर्यंत आम्ही त्यांची चाल बसवून घेतली. आता बडोद्यातही तीच म्हणतो.